बाई, तो फ्लेक्स अजून तिथेच आहे

सरोज मोहिते बाई, माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आधी तुमचं नाव सांगतो आणि मग आईवडिलांचं. वडील हयात असते तर त्यांनीही हाच क्रम लावला असता. तुम्ही मात्र हे वाचून चष्म्यावरून बघत म्हणाला असता, "दत्तात्रय, उपकार, ऋण हे शब्द निबंधात ठेव. मुद्द्यावर ये."

मुद्दा असा की तुम्हाला जाऊन महिना होत आला तरी मला नीट रडूही आलेलं नाही. नुसता राग येतोय. कुणाकुणाचा, ते सांगायला हे लिहितोय. त्यात तुमचाही नंबर आहे.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर करमाळ्याहून फोटो आला. एसटी स्टँडसमोरच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागला होता. त्यावरचा तुमचा फोटो निवृत्तीच्या समारंभातला. हातातला नारळ आणि अंगावरची शाल कापून काढण्याच्या नादात तुमचा उजवा खांदाही थोडा कापला गेलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मग तुमचं नाव, आणि त्याखाली तुमच्या नावापेक्षा मोठ्या लाल अक्षरांत ते दुसरं नाव. जर्मनीच्या त्या हुकूमशहाचं, आणि त्याला जोडून 'बाई'. सगळ्यांत खाली 'समस्त माजी विद्यार्थी'. त्या समस्तांत मीही आलो.

आपल्याकडे कडक हेडमास्तरला, तापट सासऱ्याला, शिस्तीच्या साहेबाला हसत हसत जे नाव चिकटवतात तेच ते नाव. मी ते इथे लिहिणार नाही. तुम्ही आमच्याकडे शेवटचं जे मागितलंत ते एवढंच होतं की हे नाव मला पुन्हा लावू नका. निदान या कागदावर तरी ते पाळतो.

फोटो बघितल्या बघितल्या मी प्रशांतला फोन केला. प्रशांत म्हणजे आपल्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा, आता इकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला, माझ्यापासून वीस मिनिटांवर राहणारा. फ्लेक्सच्या वर्गणीत तो होता.

"काढायला सांग तो."

"अरे दत्त्या, लागलाय आता. एवढ्या वर कोण चढणार?"

"मग ते नाव तरी झाकायला सांग. कागद चिकटवा."

"श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कागद? गावात काय म्हणतील? यार, तू पण ना. पोरांनी प्रेमाने लावलाय."

प्रेमाने. गेल्या नोव्हेंबरपासून हा शब्द ऐकून माझे कान किटलेत.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही मेधाकडे, तुमच्या लेकीकडे, बेलव्ह्यूला होतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या सगळ्या आईवडिलांचं जे होतं तेच तुमचं झालं होतं. पाऊस थांबत नव्हता, गाडी चालवता येत नव्हती, आणि मेधा दिवसभर मीटिंगमध्ये. तिथल्या ज्येष्ठांच्या सिनियर सेंटरमधून एक दिवसाच्या सहली जातात. बस, गाइड आणि जेवणाची वेळ, सगळं ठरलेलं. मेधाने तुमच्यासमोर दोन पत्रकं ठेवली. एक धबधब्याचं. दुसरं, शेजारच्या राज्यातल्या एका स्मारकाचं. महायुद्धात ज्यूंना ठार मारलं, त्यांचं स्मारक. तुम्ही दुसरं उचललंत.

"आई, सुट्टीच्या दिवशी असलं काय बघायचं?" मेधा म्हणाली.

"जन्मभर शिकवलं. एकदा बघू तरी दे."

मेधाला ऑफिसचं काम होतं म्हणून तुमच्याबरोबर मी निघालो. प्रशांतला कळल्यावर तोही आला, त्याच्या रियाला घेऊन. रिया सातवीत. तिला शाळेत तेव्हा हाच धडा चालू होता आणि तिला खरोखर यायचं होतं. प्रशांत आला तो तुमच्यासाठी. येताना बायकोने केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन आला. बसमध्ये तुमच्या शेजारची जागा मिळावी म्हणून माझ्याशी भांडला. हे सगळं मी मुद्दाम लिहितोय, कारण तो वाईट माणूस नाही. तो वाईट असता तर माझं काम किती सोपं झालं असतं.

बसमध्ये मजा चालली होती. पुढच्या बाजूला अमेरिकन म्हातारी मंडळी थर्मासमधली कॉफी पीत होती. मागे आपल्या तीनचार काकू होत्या, त्यांच्या चिवड्याच्या पिशव्या फिरत होत्या. आपण सहलीला जातो तसेच निघालो होतो. एका काकूंनी तर गाण्याच्या भेंड्यांचा विषय काढला. तुम्ही मागे वळून नुसतं बघितलंत आणि तो विषय तिथेच संपला. प्रशांत माझ्या कानात म्हणाला, "बघ, अजून जमतं बाईंना."

स्मारकापाशी बारीक पाऊस होता. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, त्यावर मेधाचं गुडघ्यापर्यंतचं जॅकेट आणि पायात तिचेच बूट, असा तुमचा वेश. गाइड होती नोरा, पांढऱ्या केसांची, पिवळ्या रेनकोटमधली, तुमच्याच वयाची. तुमची साडी बघून ती एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, "यू मे स्पीक ॲट युवर नॉर्मल स्पीड. आय ॲम अ टीचर." नोरा इतकी हसली की पुढचा अर्धा तास ती तुमच्याच बाजूने चालत होती.

नावांची लांब भिंत झाली. तिथे तुम्ही फार वेळ थांबलात. मग पावसातून आत, एका खोलीत नेलं. तिथे भिंतीवर शाळेच्या वर्गाचा एक मोठा फोटो होता. आपल्या आठवी ब चा असतो तसाच. मुलं तीन रांगांत, पहिली रांग मांडी घालून, हाताची घडी. मधे खुर्चीवर शिक्षिका. नोराने दुसऱ्या रांगेतल्या वेणीवाल्या मुलीवर बोट ठेवलं. "ही माझी आई. या वर्गातल्या दोघी वाचल्या. त्यातली एक."

मग तुम्ही विचारलंत, "अँड द टीचर? व्हॉट वॉज हर नेम?"

नोरा फोटोकडे बघत राहिली. हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं, असं ती म्हणाली. नाव तिला माहीत नव्हतं. आई त्या बाईंविषयी एवढंच सांगायची की फार कडक होत्या, सगळी मुलं त्यांना टरकून असायची.

आणि तेव्हा प्रशांत पुढे झाला. त्याला वाटलं, वातावरण जड झालंय, थोडं हलकं करू. त्याला तुमचं कौतुकही करायचं होतं. तुमच्या खांद्यावर हात ठेवून तो नोराला म्हणाला, "जस्ट लाइक अवर बाई. शी वॉज द..." आणि त्याने ते नाव घेतलं. "ऑफ अवर स्कूल. वी ऑल कॉल्ड हर दॅट. विथ लव्ह."

त्या खोलीत. त्या फोटोसमोर.

रिया म्हणाली, "बाबा." मग हळूच, "बाबा, यू कान्ट से दॅट हिअर. यू कान्ट से दॅट एनीव्हेअर."

पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वळून तुमच्याकडे बघितलं. प्रशांतकडे नाही, तुमच्याकडे. नोराने रेनकोटची चेन उगाचच वर केली. "ओके," ती म्हणाली आणि तुम्हाला बसायला खुर्ची हवी का, असं विचारलं. तुम्ही मानेनेच नको म्हणालात. मग ती सगळ्यांना घेऊन पुढच्या खोलीत गेली. पुढच्या खोलीत ती तुमच्या बाजूने चालत नव्हती.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी एकट्या बसलात. पुऱ्यांचा डबा मात्र तुम्हीच उघडलात आणि सगळ्या बसमध्ये फिरवलात, त्या म्हाताऱ्या गृहस्थांनाही दिल्यात. स्वतः एकही खाल्ली नाहीत. प्रशांत दोनदा येऊन "सॉरी बाई, मी प्रेमाने म्हटलं" म्हणून गेला. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "प्रेमाने म्हणालास, तीच तर पंचाईत आहे. शिवी दिली असतीस तर कान धरला असता." तो हसला. त्याला वाटलं, मिटलं.

सिनियर सेंटरपासून मेधाच्या घरापर्यंत मी तुम्हाला गाडीने सोडलं. आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही.

मी म्हणालो, "बाई, मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडे त्या नावाचा अर्थ कडक, एवढाच. पोरांना काय माहीत होतं?"

"पोरांना माहीत नव्हतं. ते सांगायचं काम कुणाचं होतं?"

"इतिहासाच्या पुस्तकातच नव्हतं तेवढं."

"एक वाक्य होतं. युद्धाचे परिणाम लिहा, मुद्दे पाच. त्यातल्या एका मुद्द्यात एक वाक्य. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते वाचूनसुद्धा दाखवायची नाही." मग म्हणालात, "आणि मला ते नाव माहीत होतं रे. चांगलं माहीत होतं. मी स्टाफरूममधून निघाले की व्हरांड्यात कुणीतरी हळूच ओरडायचं आणि वर्ग गप्प व्हायचा. मला बरं वाटायचं."

मला हे ऐकवेना. माझ्या बाई स्वतःला अपराधी ठरवत होत्या आणि मी वायपरचा वेग वाढवत होतो. मी म्हणालो, "तुमचा तो धाक नसता तर मी आज करमाळ्यात इस्त्री करत असतो."

"इस्त्री करणं वाईट आहे?"

"तसं नाही म्हणायचं मला."

"मग कसं म्हणायचंय?"

वडिलांनी जन्मभर इस्त्री केली. आमच्या घरात पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी कोळशाच्या इस्त्रीवर झाली. हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. म्हणून तर वैताग आला. वर्गात जशा कोपऱ्यात पकडायचात तसंच पकडलंत.

मग तुम्ही विचारलंत, "दत्तात्रय, तू मला घाबरायचास?"

"सगळेच घाबरायचे, बाई."

"सगळ्यांचं नाही विचारलं."

तेवढ्यात हायवेवरून उतरायची माझी एक्झिट चुकली. पुढच्या एक्झिटवरून वळून आलो, तोवर मेधाचं घर आलं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एकच धरून बसलात. त्या नोराला भेटायचंय, सांगायचंय. काय सांगायचंय ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी म्हटलं, शनिवारी गाडीने नेतो. तर नको. म्हटलं, ईमेल लिहू. नको. बसनेच जायचं, तीच गाइड हवी, आणि सगळ्यांसमोर बोलायचं. चूक ज्या वर्गात झाली त्याच वर्गात दुरुस्त करायची, हा तुमचा नियम. आम्हाला फळ्यापाशी बोलावून चुकलेलं उत्तर सगळ्यांसमोर पुन्हा लिहायला लावायचात. तोच नियम तुम्ही स्वतःला लावलात आणि आम्ही सगळे अडकलो. कारण हिवाळ्यात ती बस बंद. पुढची सहल वसंतात, आणि तुमचं तिकीट त्याच्या आधीचं. मेधा म्हणाली, "आई, तिकीट पुढे ढकलू का?" तुम्ही म्हणालात, "घराला किती दिवस कुलूप ठेवायचं?" बाई, तुमच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला धडका देणं होतं. एकीकडे म्हणे जायचंच आहे, आणि दुसरीकडे जाता येईल असा प्रत्येक रस्ता तुम्हीच बंद केलेला.

मग तुम्ही शाळेच्या ग्रुपवर लिहिलंत. मला न विचारता. तुमचा तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे. "विद्यार्थ्यांनो, मला तुम्ही ज्या टोपणनावाने संबोधता ते कृपया यापुढे वापरू नये. ते ऐकून मी पूर्वी हसत असे, ती माझी चूक होती. त्या माणसाने काय केले ते मी तुम्हाला नीट शिकवले नाही. कुणाला जाणून घ्यायचे असल्यास मी शिकवायला तयार आहे." खाली पूर्ण नाव.

पंधरा मिनिटांत हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. "बाई, तुम्ही आमच्या तेच आहात, लव्ह यू." "बाई, तुमच्यामुळेच माणूस झालो." कुणीतरी तुमच्या फोटोवर मुकुट चढवून खाली तेच नाव टाकलं. शिकवायला तयार आहे, या वाक्याला कुणी उत्तर दिलं नाही. एकानेही नाही. मी चिडून लिहिलं की बाई गंमत करत नाहीयेत, जरा वाचा. त्यावर गावाकडून आलं, "दत्ता अमेरिकेत जाऊन फार सेन्सिटिव्ह झालाय." आणि प्रशांतने, बेलव्ह्यूत बसलेल्या प्रशांतने, त्यावर अंगठा दिला.

तुम्ही ते सगळं वाचलंत आणि फोन टेबलावर पालथा ठेवलात. मला म्हणालात, "बघ, आता कुणी घाबरत नाही मला." त्यात विनोद होता की दुसरं काही, हे मला तेव्हाही कळलं नाही.

तुम्ही करमाळ्याला परत गेलात. फोनवर तुम्ही नेहमीसारख्या होतात. माझ्या कामाचं विचारायचात. मला लहानपणापासून कुणी चूक दाखवली की कसनुसं हसायची सवय. इकडे येताना तुम्ही बजावलं होतं, "तिकडे कुणी चूक दाखवली तर हसू नकोस, दुरुस्त कर." ते अजून प्रत्येक फोनमध्ये यायचं. स्मारकाचा विषय मात्र तुम्ही काढला नाहीत आणि मीही काढला नाही. आणि एका पहाटे, तिकडच्या पहाटे, तुम्ही झोपेतच गेलात. मेधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. ती म्हणाली, "दत्ता, आई गेली," आणि मग म्हणाली, "तिचं राहूनच गेलं रे ते."

मग फ्लेक्स. तेराव्यापर्यंत उतरवतो, असा निरोप आला. तेरावं झालं. आता म्हणतात, कुणाच्या तरी वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स यायचाय, तो त्याच्यावरच लागेल. म्हणजे तुमचं ते नाव कुणी उतरवणार नाही. कुणाच्या तरी हसऱ्या चेहऱ्याखाली ते झाकलं जाईल. शोकसभेचा व्हिडिओही आला. चांगलं बोलले सगळे. दोघे बोलताना रडले. आणि ज्याने त्याने ते नाव घेतलं, कौतुकाने, आवाज जड करून. मी व्हिडिओ मधेच बंद केला. बाई, त्या लोकांचं तुमच्यावर प्रेम आहे यात मला शंका नाही. म्हणून तर मी कुणाशी धड भांडूही शकत नाही.

गेल्या शनिवारी मी त्याच बसने गेलो. एकटा जाणार होतो, पण आदल्या दिवशी प्रशांतचा फोन आला. "रियाला यायचंय म्हणे तुझ्याबरोबर. मी सोडतो सेंटरपर्यंत." सकाळी त्याने रियाला गाडीतून उतरवलं आणि काच खाली करून स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "करमाळ्याला केला होता फोन फ्लेक्सवाल्याला. उचलत नाही." पुऱ्यांचा डबा त्याने रियाच्या हातात दिला होता.

ऊन होतं. नोराचा पिवळा रेनकोट नव्हता, म्हणून आधी ओळखलीच नाही. त्या खोलीत, त्या वर्गाच्या फोटोसमोर मी हात वर केला. तुमच्यासारखाच. सगळ्या लोकांसमोर मी इंग्रजीत सांगितलं की नोव्हेंबरमध्ये इथे माझ्या शिक्षिका आल्या होत्या, आमच्यातल्या एकाने त्यांना एका नावाने हाक मारली, ते नाव आमच्या गावात आम्ही सगळेच वापरायचो, त्यांना ते इथेच दुरुस्त करायचं होतं, त्या आता नाहीत, आणि त्यांचं नाव सरोज मोहिते. एवढंच. रियाने माझ्या बाहीचं टोक धरलं होतं.

नोरा म्हणाली, "ती साडीवाली टीचर? नॉर्मल स्पीडवाली?" आणि हसली. मग तिचा चेहरा उतरला.

बाई, ऐका आता. ते नाव तिच्या लक्षातच नव्हतं. तिने आठवायचा प्रयत्न केला. कुणीतरी काहीतरी विचित्र बोललं होतं खरं, म्हणाली, पण इथे लोक घाबरून काहीबाही बोलतात, मी ते घरी नेत नाही. तिच्या लक्षात होता तो तुमचा प्रश्न. फोटोतल्या बाईंचं नाव काय. त्या दिवसानंतर तिने जुन्या नातेवाइकांना विचारलं, नाव मिळालं नाही. पण आता प्रत्येक सहलीत ती या फोटोपाशी थांबते आणि सांगते की या शिक्षिकेचं नाव आपल्याला माहीत नाही, आणि हे विचारणारी पहिली व्यक्ती भारतातली एक शिक्षिका होती.

म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं निघालं. तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. तुम्ही सगळा हिवाळा उगाच जळत राहिलात. मी जिंकलो, बाई. आणि सांगायला तुम्ही नाही, त्यामुळे त्याचा काडीचा उपयोग नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "तिच्या लक्षात नव्हतं, माझ्या होतं. चूक तिची होती की माझी?" हे मला बसमध्ये परत येताना सुचलं. तुमच्या बाजूचं उत्तरही मलाच द्यावं लागतंय, याचाच सगळ्यांत जास्त वैताग येतो.

आता राहिला गाडीतला प्रश्न. त्याचं उत्तर मी तुम्हाला दिलं होतं. तोंडावर जमलं नाही, म्हणून तुम्ही परत गेल्यावर पत्र लिहिलं होतं, कारण तीन ओळींपेक्षा मोठं काही असेल तर पत्र लिहावं, हेही तुमचंच. ते पोचलं. तुमचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "पत्र मिळालं. वाचलं." बस. पुढे प्रत्येक फोनमध्ये मी वाट बघितली. तुम्ही हवापाण्याचं बोललात.

ते पत्र असं होतं.

तीर्थस्वरूप बाईंना,
दत्तात्रयचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं मेधाने कळवलं. तुम्ही गाडीत मला एक प्रश्न विचारला होता. माझी एक्झिट चुकली म्हणून उत्तर राहिलं असं मी स्वतःला सांगत होतो, पण ते खरं नाही. मला उत्तर द्यायचं नव्हतं.

हो बाई, मी घाबरायचो. सकाळी दप्तर भरताना वह्या दोनदोनदा मोजायचो. त्या भीतीने मी गृहपाठ केला, पाठांतर केलं, दहावीला बरे गुण मिळवले. त्या भीतीने त्याहून जास्त काही केलं नाही. दहावीनंतर मी दुकानातच उभा राहणार होतो. माझ्यासाठी इस्त्रीचं दुसरं टेबल वडिलांनी आणलंही होतं.

त्यानंतरचं तुम्हाला आठवतं का ते मला माहीत नाही. तुम्ही एक जांभळी साडी इस्त्रीला घेऊन आलात. आमच्या दुकानात तुम्ही पूर्वी कधी आला नव्हता. वडिलांनी इस्त्री करून दिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तीच साडी पुन्हा घेऊन आलात. मला वाटलं, बाई विसरल्या. वडिलांनी पुन्हा करून दिली. तिसऱ्या वेळी त्यांनी घडी उलगडली, त्यांचीच इस्त्री तिच्यावर होती. ते म्हणाले, "बाई, ही परवाच केलीया. काय बोलायचं हाय ते बोला की."

बाई, तुमच्या नुसत्या पावलांनी व्हरांडा गप्प व्हायचा. आणि त्या दिवशी तुमचा आवाज फुटेना. तुम्ही टेबलाची कड धरली होती. मी टेबलाच्या पलीकडूनच बघत होतो. तुम्ही वडिलांकडे न बघता साडीकडे बघत म्हणालात, "दत्तात्रयला पुढे शिकू द्या." आणि मग हात जोडलेत. वडील तीच साडी परत इस्त्री करायला लागले. आम्हाला घरी ठाऊक होतं, हात चालू असल्याशिवाय त्यांना विचार करता येत नाही. साडी संपेपर्यंत तुम्ही उभ्या राहिलात. घडी तुमच्या हातात देऊन ते म्हणाले, "जाऊ द्या त्याला."

गाडीत मी म्हणालो की तुमचा धाक नसता तर मी इस्त्री करत असतो. ते चुकीचं होतं, दुरुस्त करतो. मला तुमच्या धाकाने बाहेर काढलं नाही. तुम्ही स्वतः घाबरलेल्या होता आणि तरी तिसऱ्यांदा आलात, म्हणून मी इथे आहे. ज्याचं नाव आम्ही तुम्हाला लावलं, तो कुणाच्या दारात असा तीनदा गेला नसता. ते नाव तुमचं कधीच नव्हतं. हे मी त्या खोलीत लगेच बोलायला हवं होतं, पण मला तेव्हा सुचलं नाही, आता सुचलं.

वसंतात बस पुन्हा सुरू होते आहे. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी या. मी जागा धरून ठेवतो, खिडकीची.

तब्येतीला जपा. या पत्राचं उत्तर सविस्तर लिहा. नुसतं 'मिळालं' म्हणून कळवू नका.

तुमचा विद्यार्थी,
दत्तात्रय